गार्डाचा डबा

"थिनर नको," मी म्हणाले. "थिनरनं रंगाआधी डबाच विरघळेल."

आण्णांनी उघडलेल्या बाटलीचं बूच पुन्हा लावलं. "कारखान्यात आम्ही सगळं थिनरनंच काढत होतो."

"ते पत्र्याचे डबे होते, आण्णा. हे प्लास्टिक आहे."

"मग तू सांग. तू रंगातली डॉक्टर."

मी पुण्याला एका रंगांच्या प्रयोगशाळेत काम करत होते. रंगाचा थर पृष्ठभागाला कसा धरून राहतो या विषयावर मी डॉक्टरेट केली होती आणि आण्णांना त्याची कायम गंमत वाटायची. रंग चिकटतो कसा हे शिकायला एवढी वर्षं लागतात होय, असं ते चारचौघांत विचारायचे. त्यांची स्वतःची सगळी नोकरी मुंबईत, रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात, रंगखात्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी मिरजेला स्टेशनामागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर बांधलं. आई गेल्यापासून ते तिथं एकटेच राहत होते.

मी त्यांना न्यायला आले होते. माझा भाऊ धनंजय पुण्यात मोठ्या फ्लॅटमध्ये राहायला गेला होता, त्यानं आण्णांसाठी खोली तयार ठेवली होती. फोनवर आण्णा त्याला दाद देत नव्हते म्हणून त्यानं मला पाठवलं. मी विषय काढला तेव्हा आण्णा म्हणाले, "आधी माझ्या गाडीचा रंग काढून दे. डबे साफ झाले की मग काय ते सांगतो."

गाडी म्हणजे टेबलावर मावणारी, प्लास्टिकच्या डब्यांची. कारखान्यातले दस्तुरसाहेब नोकरी सोडून मुलाकडे परदेशी गेले तेव्हा त्यांनी ती आण्णांना दिली होती. मुळात ती हिरव्या रंगाची, परदेशी बनावटीची गाडी. आण्णांनी तिच्यावर आपल्याकडचा मरून रंग चढवला. पुढे रेल्वेनं खरे डबे निळे केले, तेव्हा आण्णांनीही आपले निळे केले. बाहेरच्या खोलीत एका फळीवर रूळ ठोकलेले होते, त्यांवर ती गाडी गोल फिरायची.

"रंग का काढायचा पण?" मी विचारलं. "चांगला तर आहे."

"थरावर थर चढलेत. काढ तू."

मला वाटलं, त्यांना पुन्हा मरून रंग द्यायचा असेल. तो त्यांचा आवडता. त्या रंगाच्या दोन-चार छटा प्रयोगशाळेत होत्याच.

आण्णांनी सगळीकडे एनॅमल वापरलेलं होतं. एनॅमलमध्ये तेल असतं, आणि कॉस्टिक सोड्यात तेलाचा हळूहळू साबण होतो. प्लास्टिकला मात्र सोड्यानं काही होत नाही. मी बाजारातून सोडा आणला. आण्णांनी आईचं ॲल्युमिनियमचं मोठं पातेलं काढून ठेवलं होतं, ते मी आत नेऊन ठेवलं.

"पातेल्यानं काय घोडं मारलंय?"

"सोडा ॲल्युमिनियम खातो. प्लास्टिकचा टब द्या."

मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाशेजारी मी टब मांडला. हातमोजे घालून सोडा पाण्यात थोडा थोडा सोडला, पाणी निवू दिलं. आण्णा आतून एकेक डबा आणून माझ्या हातात देत होते. अंगणात मागच्या दारापासून न्हाणीपर्यंत कमरेच्या उंचीवर एक सुतळी बांधलेली होती. डबे आणताना ते तिच्याजवळूनच येत-जात होते.

"ही कशाला बांधलीये?"

"वेल चढवणार आहे. कारल्याचा."

भिंतीपलीकडून शेजारच्या शिकलगारचाचींनी डोकं वर काढलं. "मिस्त्री, मी आले हो. भाकरी आणि पिठलं आणलंय. कट्ट्यावर ठेवते, डाव्या हाताला." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लेक आली म्हणून गाडी धुवायला काढली वाटतं?"

"गाडी न्हाई," आण्णा म्हणाले. "लेकीचं शिक्षण धुवून बघायलोय. पक्का रंग हाय का कच्चा."

चाची हसल्या. जेवणाचा डबा ठेवताना त्यांनी तो कट्ट्यावर जरा जोरातच आपटला. मला वाटलं, बाई बोलघेवड्या आहेत आणि हाताला जड आहेत.

मी एक डबा पाण्यात सोडला. त्याला लगेच काही झालं नाही. आण्णा शेजारी पाटावर बसून राहिले.

"काय दिसतंय?"

"अजून काही नाही."

थोड्या वेळानं पुन्हा, "आता?"

"निळ्याला सुरकुत्या पडायला लागल्यात. कोपऱ्यातून सुटतोय."

"आणि खाली?"

"मरून."

"तो लवकर नाही सुटायचा. चांगला मुरलेला आहे." त्यांच्या आवाजात अभिमान होता. "वैजू, तुला ठाऊक आहे ना, आमच्याकडे डबा पास कसा व्हायचा?"

ठाऊक होतं. लहानपणापासून शंभरदा ऐकलं होतं. तरी मी म्हटलं, "सांगा."

"पत्र्याच्या खाचखळग्यांत लांबी भरायची. वाळली की पॉलिश पेपरनं घासायची. अस्तर मारायचं, घासायचं. रंगाचा एक हात मारायचा, पुन्हा घासायचं. शेवटी मी यायचो. डोळे मिटायचो आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डब्यावरून तळहात फिरवत चालायचो. हात अडकला की खडूनं फुली. त्या पोरानं ते परत करायचं. दस्तुरसाहेब म्हणायचे, मिस्त्री, तुमचे डोळे हाताला आहेत."

त्यांनी चहाच्या कपासाठी हात पुढे केला. कप त्यांच्या उजव्या बाजूला होता. हात सरळ टबाकडे गेला.

मी त्यांचं मनगट धरलं. "आण्णा, सोडा आहे तो. कातडी जाईल."

"होय की," ते म्हणाले. "बोलण्याच्या नादात."

मी कप त्यांच्या हातात दिला आणि टब लांब सरकवला.

दुपारपर्यंत सगळे डबे पाण्यात होते. फक्त शेवटचा, गार्डाचा डबा तेवढा आण्णांनी आणला नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "तो राहू दे. त्याला कुठं मी रंगवलंय."

खरं होतं. तो आईनं रंगवला होता. आण्णा गाडीला पहिल्यांदा मरून रंग देत होते तेव्हा त्यांना कावीळ झाली आणि ते दवाखान्यात पडून राहिले. एकच डबा उरला होता. घरी आल्यावर त्यांना बरं वाटावं म्हणून आईनं दाराचा उरलेला चॉकलेटी रंग घेतला, दार रंगवायचाच ब्रश घेतला आणि तो डबा रंगवून टाकला. आण्णा घरी आले, डबा उचलला आणि म्हणाले, "हे काय? सगळे ब्रशचे ओरखडे. आणि हा ओघळ बघ केवढा." आई म्हणाली, "गार्डाची तक्रार नाही, तुमचीच का?" आम्ही दोघं भावंडं हसलो होतो. आण्णा म्हणाले, मी करतो तो पुन्हा नीट. तो त्यांनी कधी केला नाही. बाकीची गाडी निळी झाली तरी तो चॉकलेटीच राहिला. ओघळाची बाजू भिंतीकडे करून ते तो शेवटी जोडायचे.

जेवण झाल्यावर मी पिशवीतून पत्र्याच्या दोन पट्ट्या काढल्या. नमुन्यासाठी आम्ही अशा पट्ट्या एका अंगानं रंगवत असू. दोन्ही मरूनच्या होत्या, एक जरा गडद. आण्णा ओट्यावर उन्हात बसले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहून दोन्ही हातांत दोन पट्ट्या धरल्या.

"सांगा, यातला कोणता द्यायचा?"

"रंग नको आता."

"असं काय? नुसते प्लास्टिकचे डबे कसे दिसतील? निवडा ना."

त्यांनी मान वर केली. माझ्या चेहऱ्याच्या थोडं बाजूला बघत ते विचार करत राहिले. "डावीकडचा बरा आहे," ते म्हणाले. "दाट आहे."

मी पट्ट्यांकडे बघितलं. रंगवलेली बाजू माझ्याकडे होती. त्यांच्यासमोर दोन कोरे पत्रे होते.

मी पट्ट्या उलट्या केल्या नाहीत. हात खाली घेतले. सकाळपासूनची एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसत होती. सुतळी, चाचींचं "डाव्या हाताला", टबाकडे गेलेला हात. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रांची चळत होती. त्यांतलं एकही उलगडलेलं नव्हतं.

"आण्णा," मी म्हणाले. "कधीपासून?"

त्यांनी तोंड माझ्या आवाजाकडे वळवलं. मग म्हणाले, "काय होतं पट्ट्यांवर?"

"काही नाही. उलट्या धरल्या होत्या मी."

"हुशार आहेस."

"चुकून धरल्या."

"बस इथं."

मी शेजारी बसले. काचबिंदू होता. आधी कडेकडेनं गेलं, म्हणाले. रस्त्यात माणसं एकदम अंगावर आल्यासारखी वाटायची. डॉक्टरांकडे गेले तोवर उशीर झाला होता. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि थेंब दिले. आता उजेड आणि अंधार एवढं समजत होतं.

"धनूला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी दारात गाडी उभी केली असती त्यानं. चांगला आहे तो. म्हणून तर."

"आणि मला?"

"तू त्याला सांगितलं असतंस."

ते खरं होतं.

"हे घर मला पाठ आहे," आण्णा म्हणाले. "चूल, न्हाणी, फडताळ. बाजारहाट चाची बघतात, त्यांना मी शपथ घातलीये. स्टेशनातली गाडी कुठली ते आवाजावरून कळतं. राहण्याचं काही नाही, वैजू. दिवस जात नाही, एवढंच आहे. हात रिकामे असतात."

मग त्यांनी गाडीचं सांगितलं. नजर जायला लागली तशी ते रोज फळीजवळ बसून डबे हातात घेऊन बघायचे. बोटांना काही लागायचं नाही. नुसता गुळगुळीत लांबट ठोकळा. "दस्तुरसाहेबांनी दिली तेव्हा केवढं काम होतं त्या डब्यांवर. खिडकीची पट्टी निराळी, दाराच्या मुठी निराळ्या. पत्रे जोडणाऱ्या रिबिटांची ओळ तर मोहरीहून बारीक. सगळं रंगाखाली गेलंय. रंग निघाला की हाताला दिसेल. मग मी बसेन की रोज तिला घेऊन. डबे काढीन, जोडीन. मला मग काही नको."

"आणि नाही दिसलं तर?"

"दिसेल. तू काढतीयस ना?"

मी उठून टबापाशी गेले. मला त्या वेळी भावाची खोली, औषधं, रस्ता ओलांडणं, यातलं काही सुचत नव्हतं. रंग पूर्ण निघाला पाहिजे, कुठल्या खाचेत कण राहता कामा नये, एवढंच मनात होतं.

निळा थर सबंध सालपटासारखा सुटून आला. मरून मऊ पडला होता, तो मी जुन्या दातब्रशनं हलक्या हातानं काढला. त्याखाली अस्तराचा तांबूस रंग होता, तोही तसाच काढला. मग मूळचं हिरवं प्लास्टिक दिसायला लागलं. डबा साध्या पाण्यात, मग व्हिनेगरच्या पाण्यात, पुन्हा साध्या पाण्यात धुतला आणि पुसून आण्णांच्या हातात दिला.

त्यांनी तो मांडीवर घेतला. दोन्ही हातांच्या बोटांनी टोकापासून सुरुवात केली. खिडक्यांच्या चौकोनांवर थोडे थांबले. पुढे गेले, परत आले.

"अजून अस्तर आहे याच्यावर."

"नाही आण्णा. प्लास्टिक उघडं झालंय."

"मग रिबिटं कुठायत?"

मी डबा घेतला आणि उन्हात तिरका धरला. पिशवीत माझं भिंग होतं, ते काढलं. खिडक्यांखाली, जिथं रिबिटांची ओळ असायला हवी होती, तिथं सपाट प्लास्टिकवर एका दिशेनं गेलेल्या असंख्य बारीक रेघा होत्या. असल्या रेघा मी रोज बघत असे. रंग देण्याआधी पृष्ठभाग घासला की त्या पडतात.

"काय झालं?" आण्णांनी विचारलं.

मी दुसरा डबा काढला, साफ केला, भिंगाखाली धरला. तिसरा काढला. प्रत्येकावर त्याच रेघा, सगळ्या एकाच दिशेनं, कुठंही कमीजास्त नाहीत. फार चांगल्या कारागिराचं काम होतं.

"वैजू, बोल की."

"तुम्ही घासलेत हे," मी म्हणाले. "रंग देण्याआधी. पॉलिश पेपरनं."

ते माझ्या दिशेनं तोंड करून बसले होते. त्यांना आठवायला वेळ लागला नाही. मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"घासणारच," ते म्हणाले. "घासल्याशिवाय रंग द्यायचा कसा?"

"हो."

"दारांच्या मुठीपण?"

"मुठीपण."

"हाताला अडकत असणार त्या," आण्णा म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी हात पुढे केला. मी एकेक डबा देत गेले. प्रत्येक डब्यावरून त्यांनी तळहात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कुठं अडकला नाही. त्यांनी डबे पाटावर ओळीनं ठेवले.

"पास," ते म्हणाले.

भिंतीपलीकडे चाचींच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मला अचानक गार्डाचा डबा आठवला.

"आण्णा, आईनं कुठं घासला होता? तिनं तर नुसता रंग फासला. त्याच्याखाली सगळं जसंच्या तसं असणार. रिबिटं, मुठी, पट्ट्या, सगळं. थांबा, मी आणते."

मी आत धावले. डबा फळीवर रुळाच्या शेवटी होता, ओघळाची बाजू अजून भिंतीकडे. बाहेर येऊन मी तो त्यांच्या हातात दिला आणि टब जवळ ओढला. "रात्रभर राहू द्या सोड्यात. सकाळी बघा."

"बघू तरी आधी," ते म्हणाले.

त्यांनी डबा आडवा धरला आणि अंगठा फिरवला. मग तोच अंगठा उलट्या दिशेनं फिरवला. कपाळाला आठी पडली.

"ब्रश किती जाड होता हा."

"दाराचा होता."

"डावीकडून मारत आलीये." अंगठा हळूहळू सरकत होता. "इथं रंग संपला, बघ, कोरडा पडलाय. इथं परत बुडवला. फार बुडवला. निथळायचा असतो तो डब्याच्या काठावर, कितीदा सांगितलं असेल." बोट पुढे गेलं. "दुसऱ्या खिडकीपर्यंत आली आणि उठून गेली."

"कशावरून?"

"इथं कड सुकलीये. सुकलेल्या कडेवर पुढचा हात चढवलाय. मधे वेळ गेलाय. चुलीवर दूध ठेवलं असणार तिनं. नाहीतर तुमच्यापैकी कोणी रडलं असेल." ते हसले नाहीत. "परत आली ती घाईत. ब्रश दाबून धरलाय. आणि हा आला ओघळ."

अंगठा ओघळावर थांबला. वरपासून खालपर्यंत गेला, खालच्या थेंबावर टेकला आणि तिथंच राहिला.

मी टबापाशी उकिडवी बसून होते. हातांत मोजे होते. पाणी रंगानं गढूळ झालं होतं.

"द्या," मी हळूच म्हणाले. "उद्या सकाळी रिबिटं मिळतील तुम्हाला. नक्की."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मान हलवली, बराच वेळ हलवत राहिले. मग डबा कुडत्याच्या खिशात घालायचा प्रयत्न केला. तो मावेना, तेव्हा दोन्ही हातांनी पोटाशी धरला.

"ते पाणी ओतून टाक," ते म्हणाले. "झाडात नको, मोरीत. आणि धनूला फोन लाव."

"आण्णा, राहायचं असेल तर मी त्याच्याशी बोलते. चाची आहेत, एखादी बाई बघू—"

"टेम्पो वगैरे आणू नको म्हणावं. एवढा एकच न्यायचाय."

मी पाणी मोरीत ओतलं. भरपूर पाण्यानं मोरी धुतली.

निघताना चाची स्टेशनपर्यंत आल्या. घासलेले डबे आण्णांनी त्यांच्या नातवाला देऊन टाकले. गाडीत मला खिडकीशी बसवून आण्णा आतल्या बाजूला बसले, खिडकीचं मला काय काम, म्हणाले. सांगलीपुढचा नदीवरचा पूल आला तेव्हा मी काही सांगायच्या आत तेच म्हणाले, "पूल आला."

पुण्यात ते धनंजयकडे पाच वर्षं राहिले. मी रविवारी जायचे. पलंगाशेजारच्या खुर्चीत बसलेले असायचे, डबा हातात, बोलणं चालू असताना अंगठा हलत असायचा. कधी पुन्हा आईचं नाव निघालं नाही. एकदा मी विचारलं, तिकडचं घर आठवतं का. म्हणाले, "घर काय, पाठ आहे."

ते गेल्यावर वहिनीनं तो डबा मला दिला. घरी आणून मी तो दिव्याखाली धरला, भिंग घेतलं. ब्रशच्या रेघा सगळीकडे होत्या. दुसऱ्या खिडकीपाशी ती सुकलेली कड होती. ओघळ नव्हता. त्या जागचा चॉकलेटी रंग अंगठ्याएवढ्या भागात झिजून पार गेला होता आणि खालचं हिरवं प्लास्टिक दिसत होतं. त्यावर रिबिटांची छोटी ओळ होती, मोहरीहून बारीक.

मी भिंग ठेवलं. डोळे मिटून डब्याच्या एका टोकापासून तळहात फिरवत आणला. त्या जागी हात अडकला.